सरकीचे गंधकाम्ल अंगावर सांडल्यास

पेरणीपूर्वी घरच्या सरकीवरील तंतू काढण्यासाठी दर किलोस सुमारे 100 मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल वापरण्याची पद्धत कापूस उत्पादकांस परिचित आहे. 2 ते 3 मिनिटांत तंतू जाळणारे हे आम्ल कातडीसही सोडीत नाही.

आम्ल अंगावर पडताच तो भाग वाहत्या पाण्याखाली धरावा व निदान 20 मिनिटे धूत राहावे. भिजलेले कपडे व अंगठी पाणी ओतीत असतानाच काढावी. सदरा डोक्यावरून न ओढता कापावा. "आम्लात पाणी पडले की ते उसळते, मग अंगावर पाणी कसे घालावे?" अशी शंका शेतकरी बंधू घेतात. ती अगदीच निराधार नाही. आम्ल व पाणी एकत्र येताच उष्णता निर्माण होते. म्हणूनच ओल्या फडक्याने पुसणे किंवा तांब्याभर पाण्यावर भागविणे अपायकारक होय. विपुल पाणी मात्र आम्लाबरोबर ती उष्णताही वाहून नेते. सोडा, हळद, तूप काहीही लावू नये. चुन्याची निवळी सरकीच्या शेवटच्या धुण्यास योग्य, कातडीस नव्हे.

डोळ्यात थेंब उडाल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ डोळा धुवावा. नंतर भाजलेला भाग स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाकून रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. डोळा वा चेहरा भाजला असल्यास 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत धुणे थांबवू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी आम्लाचा कॅन उघडण्यापूर्वी पाण्याची दोन पिंपे भरून जवळ ठेवावीत. पाण्याची सोय नसेल तेथे प्रात्यक्षिक करूच नये.