विजेचा संदेश आणि स्नायूचे आकुंचन

पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसास मध्यरात्री मण्यार डसते. दंशाची खूण पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळणे अवघड होते, मान धरवत नाही आणि अखेर श्वास मंदावतो. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयांना हे चित्र परिचित आहे. नवल असे, की या रोग्याचे स्नायू शाबूत असतात; त्यांच्यापर्यंत हुकूमच पोचत नाही.

चेतातंतूतून आलेला विद्युत्संदेश स्नायूच्या काठाशी थांबतो, कारण मधली सूक्ष्म फट विजेला ओलांडता येत नाही. तेथे तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते व पलीकडील ग्राहकांवर जाऊन बसते. विश्रांत स्नायुतंतूची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असते. ग्राहक उघडताच सोडियमचे आयन आत शिरतात, ऋणत्व लोपते आणि विजेची नवी लाट तंतूवरून धावते. नागाचे विष हे ग्राहक अडवते. मण्यारीचे विष रसायन सोडणारी टोकेच निकामी करते.

पण लाट धावते पृष्ठभागावर आणि आकुंचन घडते गाभ्यात. पृष्ठभागावरून एखादे द्रव्य पाझरत आत जाईपर्यंत फार वेळ लागेल, हे ए. व्ही. हिल यांनी १९४८ च्या सुमारास गणिताने दाखविले. या कोड्याचे उत्तर स्नायूच्या रचनेतच आहे. तंतूचे आवरण असंख्य नलिकांच्या रूपाने खोल आत गेलेले असते आणि नलिकांना खेटून कॅल्शियमने भरलेल्या पिशव्या असतात. नलिकेतील एक प्रथिन विद्युत्‌बदल ओळखून आपला आकार पालटते व पिशवीचे दार उघडते. हृदयाच्या स्नायूस याकरिता बाहेरूनही कॅल्शियम आत घ्यावे लागते. ऐच्छिक स्नायूस त्याची वाट पाहावी लागत नाही.

सुटलेले कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनास चिकटते. (हे प्रथिन १९६० नंतरच्या दशकात जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी शोधले.) त्यासरशी ॲक्टिनवरील पडदा सरकतो आणि मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडून ओढू लागतात. ओढण्याची शक्ती विजेची नव्हे, एटीपीची. कॅल्शियम पुन्हा पिशवीत भरण्यासही एटीपीच खर्ची पडते. सैल पडणे फुकटचे नाही. मृत्यूनंतर एटीपी संपते आणि देह ताठरतो, तो यामुळेच.

नागदंशात प्रतिविषाबरोबर ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारे निओस्टिग्मीन उपयोगी पडते. मण्यारीच्या दंशात टोके नव्याने घडेपर्यंत रोग्यास कित्येक दिवस कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागते. तेवढा काळ पापणीही न हलविणारा तो रोगी पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो आणि उशाशी चाललेले बोलणे ऐकत असतो.