शिंपल्याचा गवंडी आणि रंगारी

स्वाती नक्षत्रातील पावसाचा थेंब शिंपल्यात पडला म्हणजे त्याचा मोती होतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. कल्पना सुंदर आहे. परंतु शिंपला स्वतः जे सांगतो ते त्याहूनही नवलाचे आहे.

इंदुरापासून समुद्र दूर असला, तरी महेश्वर-मंडलेश्वरास गेलेली मुले नर्मदेच्या वाळूतून शिंपले वेचून आणतात. बाहेरून काळपट, आतून चकचकीत. असे का?

शिंपल्यातील मऊ प्राण्याच्या अंगावर त्वचेचा एक पातळ पदर असतो. त्यास प्रावार म्हणतात. घराचा गवंडी तोच आणि रंगारीही तोच. पाण्यातून व अन्नातून मिळालेल्या चुन्यात किंचित प्रथिन मिसळून तो थरावर थर चढवितो. बाहेरचे शिंगासारखे तपकिरी आवरणही त्याचेच. त्यामुळे पाण्यात चुना झिजत नाही. फुटक्या शिंपल्याच्या कडेवर लिंबाचा रस टाकून पाहावा. बुडबुडे येतात, ती या चुन्याची खूण होय.

प्राणी वाढतो तशी कडेवर नवी भर पडते आणि रंगही तेथेच मिसळला जातो. कडेवरील रंगपेशी एकाच जागी अखंड काम करीत राहिल्या, तर बिजागरीकडून कडेकडे जाणारा पट्टा उमटतो. सर्व कडेवरील काम एकदम थांबत-चालत राहिले, तर कडेला समांतर पट्टे उमटतात; तुटक झाले, तर ठिपके. कवडीचा प्रावार तर बाहेर येऊन सर्व पाठ झाकतो. म्हणूनच सारीपाटाची कवडी इतकी गुळगुळीत.

आतील झळाळी मात्र मुख्यत्वे रंगद्रव्याची नव्हे. तेथे चुन्याचे पापुद्रे मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतके पातळ असतात. त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचे रंग साबणाच्या फुग्याप्रमाणे खेळतात.

मोती याच थरांचा. सन १९७३ मध्ये तुतिकोरिन येथे भारतीय शास्त्रज्ञांनी समुद्रातील कालवांपासून गोल मोती पिकविले. या रीतीत एका कालवाच्या प्रावाराचा लहानसा तुकडा मण्यासह दुसऱ्याच्या शरीरात बसवितात. तुकडा वाढून मण्याभोवती पिशवी होते आणि तीच मोत्याचे थर चढविते. पावसाच्या थेंबाची गरज पडत नाही.

आमच्या मुलांनी ऐकलेल्या गोष्टीचा आनंद अवश्य घ्यावा. मात्र हाती शिंपला घेऊन ती पारखण्याची सवयही लावून घ्यावी. रिकामे शिंपले तेवढे घरी आणावेत. मिटलेला जिवंत शिंपला पाण्यातच राहू द्यावा. त्याचे बांधकाम अजून चालू आहे.