बूस्ट गेज, मामाची गाडी आणि माझा व्हायवा

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. टेक्निकल शब्दांना मराठी शब्द शोधत बसले असते तर हा लेख पुढच्या वर्षीच्या अंकात आला असता.

सेकंड इयरच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं होतं, "गेज प्रेशर आणि ॲब्सोल्यूट प्रेशर यात फरक काय?" मी फॉर्म्युला धडाधड म्हणून दाखवला. "मग गाडीत त्याचा उपयोग काय?" यावर मात्र मी पंख्याकडे बघत बसले. त्याचं उत्तर मला दिवाळीच्या सुट्टीत वाईला मिळालं.

मामाची २००४ सालची टर्बो डिझेल गाडी आहे, आठ सीटर. पाचगणीला त्याचं छोटं दुकान आहे, त्यामुळे रोज पसरणी घाट चढायचा. गेले दोन महिने गाडी घाटात दम टाकत होती. तिसऱ्याऐवजी दुसऱ्या गिअरवर चढायची. मिस्त्रींनी पाइप काढून आतलं तेल बोटाला लावून दाखवलं आणि निकाल दिला, "टर्बो गेला." खर्च मजुरीसकट तीस हजार. हे पैसे आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले होते. मी म्हटलं, "मामा, दोन दिवस थांब. प्रेशर मोजू, मग ठरव."

नवीन गाड्यांमध्ये मॅप सेन्सर असतो, स्कॅनर लावला की बूस्ट दिसतो. या गाडीत ईसीयूच नाही, सगळा यांत्रिक पंप. मग उरतं एकच, स्वतः गेज बसवणं.

गेज घेताना पहिली गोष्ट बघायची ती डायल. पेट्रोल गाड्यांच्या गेजवर अर्धी डायल व्हॅक्यूमची असते. डिझेलमध्ये हवा अडवून ताकद कमी-जास्त करत नाहीत, डिझेल कमी-जास्त करतात. त्यामुळे ती अर्धी डायल आपल्याला फुकट. ० ते २ बारचं, ५२ मिमीचं साधं मेकॅनिकल गेज मी घेतलं. त्यात बूर्डां ट्यूब असते, म्हणजे वाकवलेली चपटी नळी. आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. पेटंट १८४९ चं, पण अजून चालतंय.

आता जोडायचं कुठे? इथे चूक केली तर ती महागात पडते. बॉनेटखाली बारीक काळे पाइप बरेच असतात आणि सगळे सारखेच दिसतात. ब्रेक बूस्टरचा पाइप व्हॅक्यूम पंपाकडून येतो, त्याला चुकूनही हात लावायचा नाही. तिथे गळती झाली तर ब्रेक दगडासारखा कडक होईल. व्हीजीटी टर्बोच्या ॲक्च्युएटरला जाणाऱ्या पाइपमध्येही बऱ्याच गाड्यांत व्हॅक्यूमच असतो. आमच्या गाडीत इनटेक मॅनिफोल्डपासून डिझेल पंपाच्या डोक्यावरच्या डायफ्रामला एक पाइप जातो. बूस्ट वाढला की हा डायफ्राम दबतो आणि पंप जास्त डिझेल सोडतो. तोच पाइप कापून मी टी-जॉइंट बसवला.

गेजची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांबून नेली. फायरवॉलच्या पत्र्याला भोक आधीच होतं, पण ग्रोमेट घातल्याशिवाय नळी त्यातून नेऊ नका, पत्र्याची धार ती कापते. आत आल्यावर पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर झिप टायने बांधायची. गेज डॅशबोर्डवर लावलं. ज्यांच्या गाडीत कर्टन एअरबॅग आहेत त्यांनी खांबावर लावू नये.

मग टेस्ट. मामा चालवणार, मी काटा बघणार. चढावर तिसरा गिअर आणि पाय पूर्ण खाली. काटा ०.२५ बारला थांबला. मामाचा चेहरा उतरला. "बघ, गेलाच ना टर्बो." मीही हिरमुसले. घरी येऊन बॉनेट उघडलं, मामाला न्यूट्रलमध्ये रेस करायला सांगितलं, तर फुस्स असा आवाज माझ्याच टी-जॉइंटमधून! क्लिप सैल होती. म्हणजे मी स्वतःच बूस्ट गळवत होते, वर डायफ्रामला दाब कमी मिळाल्यामुळे डिझेलही कमी सुटत होतं. क्लिप आवळली, पुन्हा घाट. आता ०.४. सुधारलं, पण तरीही कमीच. या इंजिनला ०.८ च्या आसपास हवा.

दोन शक्यता होत्या. टर्बो हवा दाबत नाहीये, किंवा दाबलेली हवा वाटेत कुठेतरी पळतेय. टर्बोचा शाफ्ट मी बोटांनी हलवून बघितला, मोकळा फिरत होता आणि कडेला घासत नव्हता. निळा धूर नव्हता. पाइपमधल्या तेलाचं म्हणाल तर ब्रीदरमधून थोडं तेल येतंच. मग पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडावर पीव्हीसीची टोपी क्लिपने आवळली, तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह लावला आणि फक्त अर्धा बार हवा भरली. जास्त भरू नका आणि टोपीसमोर उभे राहू नका, ती उडाली तर बंदुकीच्या गोळीसारखी येते. सगळ्या पाइपांवर साबणाचं पाणी ओतलं. इंटरकूलरच्या खालच्या होजवर, क्लिपच्या अगदी खाली, बुडबुड्यांचा फेस आला. चीर होती, पण हवा नसताना ओठ मिटल्यासारखी बंद व्हायची. म्हणून नुसतं बघून मिस्त्रींना दिसली नसणार.

नवीन होज नऊशे रुपये. संध्याकाळी काटा ०.८५ ला गेला आणि मामाने तिसऱ्या गिअरवर घाट काढला. आजीला ही बातमी काटा-बिटा न सांगता थेट "तीस हजार वाचले" अशी दिली.

आता व्हायवाचं उत्तर. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. गेज दोन्हीकडे ०.८५ च दाखवत होतं. कारण ते बाहेरच्या हवेच्या वरचा दाब मोजतं आणि वेस्टगेटची स्प्रिंगही बाहेरच्या हवेशीच तुलना करून उघडते. पण वाईला बाहेरची हवा सुमारे ०.९३ बार, पाचगणीला ०.८७. म्हणजे सिलेंडरला मिळणारा ॲब्सोल्यूट दाब वाईला १.७८ आणि वर १.७२. काटा तोच, हवा मात्र वर थोडी कमी. सर, आता विचारा!

गेजच्या दिव्याची वायर पार्किंग लाइटला जोडायची राहिली आहे, त्यामुळे रात्री मामा मोबाइलचा टॉर्च मारून काटा बघतो. घाटात हे करू नकोस म्हणून मामीने गेजवर रुमाल टाकून ठेवलाय. फेब्रुवारीत जाईन तेव्हा जोडते.