शीड वेळेवर आवरा

समुद्रात वारा वाढू लागला की जाणता नाविक प्रथम शीड लहान करतो. शीड थोडे खाली उतरवून त्याचा खालचा भाग आडव्या दांड्याशी घट्ट बांधतो.

असे का? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर शिडावरचा जोर चौपट होतो. पूर्ण शीड तसेच ठेवले, तर नाव एका कुशीवर कलते, सुकाणू जड होते आणि नाव आपली दिशा सोडते. शीड लहान करताच तीच नाव सावरते, सुकाणू पुन्हा हाताचे ऐकते.

2009-10 मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. एकट्या नाविकाला वादळात मदतीला दुसरा हात नसतो. म्हणून नाविकांचा नियम आहे: शीड कमी करावे का, असा विचार मनात आला, तीच योग्य वेळ.

मात्र तो सगळे शीड सहसा उतरवत नाही. नाव चालत राहिली तरच सुकाणूचा उपयोग होतो.

आपलेही असेच आहे. कामे वाढली, आवाज चढू लागला, की आपण अधिक जोर लावतो. तेव्हा सर्व सोडून बसण्याचीही गरज नाही. एखादे काम बाजूला ठेवा, एखादे उत्तर उद्यावर ढकला. आज स्वतःला विचारूया: माझे कोणते शीड गरजेपेक्षा मोठे आहे?