विकायच्या गाडीवर किती खर्च करावा?

पोरी, तेरा वर्षं वापरलेली वॅगन आर विकायला काढलीस, चांगलं केलंस. गॅरेजवाल्याने क्लच, शॉकअप, एसी, रंग असं सगळं मिळून लांबलचक एस्टिमेट हातात दिलंय आणि तू विचारतेस, "मामा, हे सगळं करून विकू, की आहे तशीच देऊन टाकू?" माझा जन्म गॅरेजात गेला. विकणारे पाहिले, घेणारेही पाहिले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे, ती आधी सांगतो. घेणारा जो भाव पाडतो तो बिघाडाचा कमी आणि त्याच्या मनातल्या शंकेचा जास्त असतो. तेव्हा थोडक्या पैशांत शंका फिटत असेल तर खर्च कर. काम मोठं असेल तर ते करत बसू नकोस, उघड सांग आणि तेवढे पैसे सोड.

आधी दोन भाव काढ, मग गाडी गॅरेजात लाव. दोन-तीन जुन्या गाड्यांच्या डीलरांना गाडी दाखव. 'आहे तशी कितीला घ्याल?' आणि 'एवढं काम करून दिलं तर कितीला?' असे दोन्ही आकडे विचार. समज, आहे तशी २ लाखांना मागताहेत, क्लच करून दिला तर २ लाख १० हजार म्हणताहेत आणि क्लचला खर्च १२ हजार आहे. मग त्या कामात हात घालूच नकोस. डीलरला देणार असशील तर बहुतेक वेळा आहे तशीच देणं बरं, कारण त्याचा मेकॅनिक घरचा असतो आणि पार्ट त्याला आपल्यापेक्षा स्वस्तात पडतात. गाडी थेट एखाद्या कुटुंबाला देणार असशील तर हिशेब बदलतो. त्यांना चावी घेऊन त्याच दिवशी घरी जायचं असतं. तिथे किरकोळ दुरुस्तीचे पैसे वसूल होतात.

स्वस्तातल्या शंका घालव. आतून-बाहेरून नीट धुऊन घे, सीट साफ करून घे, कुबट वास घालव. बंद बल्ब, खरखरणारा वायपर, अडकणारी काच, बसका हॉर्न ही कामं लगेच कर. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात, त्या बदलू नकोस. पाणी मारत बारीक पॉलिश पेपरने घासून वर पॉलिश केलं की त्या उजळतात आणि गाडीचा चेहराच बदलतो. बॅटरी सकाळी पहिल्या सेल्फला रडत असेल तर ती मात्र बदल. घेणारा हमखास थंड इंजिन सुरू करून बघतो. तिथे दोनदा सेल्फ मारावा लागला की तो इंजिनाबद्दलच शंका घेतो, आणि बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट भाव पाडतो. खड्ड्यातून जाताना पुढून येणारा खडखडाट बरेचदा लिंक रॉड नाहीतर बुशचा असतो. काम छोटं, पण न केल्यास समोरच्याला अख्खं सस्पेन्शन गेल्यासारखं वाटतं.

चेक इंजिनचा दिवा पुसून टाकू नकोस. स्कॅनर लावून कोड काढून घे. साधा सेन्सर असेल तर बदल. नुसता कोड पुसला तर दिवा काही दिवसांत पुन्हा लागतो, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात उभी असते. हे आपल्याला शोभत नाही.

मोठं काम असेल तर कागद पुढे ठेव. इंजिन बांधणं, गिअरबॉक्स उघडणं असली कामं विकायच्या गाडीवर कधीही फिटत नाहीत. उघडल्यावर आत काय निघेल याचा नेम नसतो आणि एकदा उघडलं की मागे फिरता येत नाही. गॅरेजचं लेखी एस्टिमेट घे आणि घेणाऱ्यासमोर ठेव. "एवढं काम आहे, एवढा खर्च येईल, भाव त्या हिशेबानेच सांगितलाय," असं म्हण. आकडा समोर आला की माणूस त्या आकड्यावर बोलतो. आकडा नसला की मनात येईल ते कापतो. तुझा क्लच जड झालाय, पण गाडी चढ चढते आहे, म्हणून तो या उघड सांगायच्या कामांतच टाक. क्लच घसरून चढावर गाडी दमत असती तर करून घे म्हटलं असतं, कारण मग ट्रायलच देता आली नसती.

ब्रेक आणि टायर यांत हिशेब बघू नकोस. ब्रेक पॅड संपले असतील तर बदलूनच दे. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत झिजली असेल तर तो टायर रस्त्यावर चालवायच्या लायकीचा नाही. नक्षी शिल्लक दिसली तरी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाच. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या टायरला बाजूने बारीक चिरा पडलेल्या असतात. चारही नवे टाकायचे पैसे नसतील तर घेणाऱ्याला स्पष्ट सांग, "टायर बदलल्याशिवाय हायवेला घालू नका," आणि भाव कमी कर. त्या गाडीत उद्या कुणाची तरी लेकरं बसणार आहेत.

अख्खा रंग देऊ नकोस. तेरा वर्षांच्या गाडीवर ओरखडे असायचेच. नवाकोरा रंग दिसला की जाणता माणूस पहिला प्रश्न विचारतो, "ठोकलेली आहे का?" हल्ली घेणारे रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतात. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या जागी आकडा कितीतरी वर जातो. गंज धरलेली जागा तेवढी साफ करून घे, बाकी ओरखडे राहू दे. मूळ रंगाला बाजारात मान आहे.

किलोमीटर मागे फिरवायचा सल्ला देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नकोस. धूर दबावा म्हणून जाड ऑइल घालणं, पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी अत्तर मारून विकणं, ही फसवणूक आहे. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतर लोक शहाणे झालेत. सीटबेल्ट पूर्ण ओढून आत गाळ आहे का ते बघतात. तुझ्याकडे सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल आहे, तीच तुझी खरी बाजू. ती तारखेने लावून ठेव.

कागदांवरचा खर्च कधीच वाया जात नाही. पीयूसी चालू ठेव. विमा संपू देऊ नकोस. थकलेली ई-चलनं भर. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा राहिलाय का बघ आणि बँकेचं ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ देऊन तो उतरवून घे. तुझी गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची, म्हणजे एचएसआरपी नंबरप्लेट हवीच. तुझा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो तुझा आहे. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घे, नव्या गाडीला कामाला येईल.

आणखी एक बघ. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं आणि आपल्याकडे पर्यावरण करही भरावा लागतो. तुझ्या गाडीची दोनच वर्षं उरलीत. जो घेईल तो हे धरूनच भाव करेल, म्हणून मोठ्या दुरुस्तीचा पैसा तुला परत मिळायचा नाही. गाडी अगदीच थकलेली असती तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यायला सांगितलं असतं. तिथे मिळणारं प्रमाणपत्र नव्या गाडीच्या वेळी उपयोगी पडतं.

टीटी, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्मवर नुसती सही करून सुटू नकोस. फॉर्म २९ आणि ३० नीट भरलेले असू देत, कोरे देऊ नकोस. राज्यातल्या राज्यात गाडी दिलीस तर चौदा दिवसांत आरटीओला कळवणं तुझं काम आहे. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिही, घेणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत घे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय की आरटीओच्या दफ्तरी ज्याचं नाव, अपघाताची भरपाईही त्याच्यावरच येते, गाडी विकली असली तरी. म्हणून आरसीवर नाव बदलल्याचं परिवहनच्या पोर्टलवर दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस. पैसे हातात आले म्हणजे अर्धा व्यवहार झाला, नाव बदललं की पुरा.