सुट्टी संपली आणि पोट दुखू लागलं

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. मे महिनाभर आजोळी होती. १५ जूनला शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. रविवारी मात्र ठणठणीत! नाटक करते आहे का?
– एक आई, सातारा

उत्तर : नाटक म्हणू नका. या वयात मनातली धास्ती शब्दांत सांगता येत नाही, आणि दुखणं खरोखरच होत असतं. ताप, उलट्या, वजन घटणं किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पहिल्यांदा झोप पाहा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. आजोळी अकराला झोपणारी मुलगी एका रात्रीत नऊला झोपणार नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. उठायची वेळ रविवारीही फारशी हलवू नका. झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद, मोठ्यांचाही. (पालकांना हेच सगळ्यात जड जातं.)

"शाळेत काय झालं?" याचं उत्तर "काही नाही" असंच येतं. त्याऐवजी "डबा कोणाबरोबर खाल्लास?" असं विचारा. तुकडी बदलली, मैत्रीण दुसऱ्या वर्गात गेली, नव्या बाईंना शू लागल्याचं सांगायची लाज वाटली. बऱ्याचदा कारण एवढंच निघतं आणि बाईंशी पाच मिनिटं बोलून सुटतं.

नुसत्या पोटदुखीसाठी घरी ठेवणं शक्यतो टाळा. त्या दिवशी बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशीची भीती वाढते. फाटकापाशी निरोप छोटा घ्या. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर बालसमुपदेशकांना भेटा.