‘फ्री टेस्टोस्टेरॉन’चे पैसे भरण्याआधी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल किंवा ‘एसएचबीजी’ लिहून दिलंय आणि तुम्ही मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यासमोरच्या सावरगावात राहता. पहिला प्रश्न असतो, नागपूरला जायचं का? निव्वळ रक्त द्यायला जाऊ नका. या तपासण्यांचं रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान घ्यावं लागतं, कारण टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल सकाळी सर्वांत जास्त असतात आणि दिवस चढेल तसे उतरतात. पांढुर्ण्याहून गाडी धरून नागपूरच्या लॅबच्या दारात उभे राहीपर्यंत अकरा वाजतात. मग आकडा कमी येतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते. त्यापेक्षा जाम नदीचा पूल ओलांडा आणि पांढुर्ण्यातच कलेक्शन सेंटरवर आठला रक्त द्या. सॅम्पल पुढे नागपूरला किंवा मुंबईला जातं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र हा बेत ठेवू नका. त्या दिवशी गोटमार असते, दोन्ही काठांवरून दगडफेक चालते. नदीतला झेंडा कोणाचा, हे ठरेपर्यंत तुमची वेळ टळून जाईल.

आता पैशाचं. खासगी लॅबमध्ये एकूण टेस्टोस्टेरॉनला साधारण 400 ते 700 रुपये लागतात, कॉर्टिसॉललाही जवळपास तेवढेच. एसएचबीजी महाग आहे, 800 ते 1500. अल्ब्युमिन शंभर-दोनशेत होतं. ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ वेगळं करायला गेलात तर आणखी हजाराच्या आसपास. दर लॅबप्रमाणे बदलतात, म्हणून रक्त देण्याआधी फोनवर विचारून घ्या. घरी येऊन रक्त घेण्याचे शंभर-दोनशे बिलात हळूच शिरतात, तेही विचारा. निदानाच्या तपासण्यांवर जीएसटी नाही. बिलात तपासणीवर तो लावलेला दिसला तर तिथेच हटका.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो ‘फ्री’च्या ओळीत. टेस्टोस्टेरॉनसारखे स्टेरॉइड हार्मोन पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून रक्तातली प्रथिनं त्यांना वाहून नेतात. टेस्टोस्टेरॉनचा मोठा वाटा यकृतात तयार होणाऱ्या एसएचबीजीला घट्ट चिकटलेला असतो आणि बराचसा अल्ब्युमिनला सैल. सुटा असतो फक्त एक ते तीन टक्के, आणि पेशींमध्ये शिरून काम करतो तो मुख्यतः हाच. हा सुटा भाग स्वस्त पद्धतीनं थेट मोजला तर आकडा भरवशाचा नसतो. रिपोर्टवर ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’च्या शेजारी पद्धत लिहिलेली असते. तिथे आरआयए, एलिसा किंवा सीएलआयए असेल तर त्या आकड्यावर इलाज ठरवू नका. एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन हे तीन आकडे हाती असले की सुटा भाग सूत्रानं काढता येतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

बायकांसाठी हिशेब आणखी सोपा आहे. समजा एकूण टेस्टोस्टेरॉन 45 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं. त्याला 0.0347 नं गुणा, 1.56 येतं. एसएचबीजी 22 नॅनोमोल प्रति लिटर असेल तर 1.56 भागिले 22 गुणिले 100, म्हणजे 7.1. एसएचबीजी 60 असतं तर तोच हिशेब 2.6 वर आला असता. टेस्टोस्टेरॉन तेच, अर्थ वेगळा. हा आकडा साधारण पाचच्या वर गेला की डॉक्टर पीसीओएसकडे पाहतात. पाळी येत असेल तर रक्त दुसऱ्या ते पाचव्या दिवशी द्या. पुरुषांनी हे गणित वापरू नये, ते त्यांना लागू पडत नाही.

पुरुषांसाठी धोका दुसरा आहे. पोट सुटलं, साखर वाढली किंवा थायरॉईड मंदावलं की एसएचबीजी खाली येतं आणि त्याच्यासोबत एकूण टेस्टोस्टेरॉनही कमी दिसतं. सुटा भाग ठीकच असू शकतो. एवढ्या एका आकड्यावर कोणी ‘ताकदीचं इंजेक्शन’ सुचवलं तर घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू बनणं मंदावतं, आणि मूल हवं असणाऱ्या जोडप्याचं त्यानं थेट नुकसान होतं. दोन वेगवेगळ्या सकाळी, उपाशीपोटी तपासल्याशिवाय निदान होत नाही. उतारवयात उलटं घडतं. एसएचबीजी वाढतं, एकूण आकडा बरा दिसतो आणि सुटा भाग कमी असतो.

कॉर्टिसॉलचं वाहक प्रथिन वेगळं, सीबीजी. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेननं ते वाढतं आणि कॉर्टिसॉल उगाच जास्त दिसतं. गरोदरपणातही तसंच. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. तपासणीपूर्वी त्या सहा आठवडे बंद ठेवायच्या का, हे त्यांनाच ठरवू द्या. लघवीतलं किंवा रात्री अकराचं लाळेतलं कॉर्टिसॉल हा दुसरा मार्ग आहे, कारण तिथे सुटंच पोचतं. प्रेडनिसोलोन, दम्याचा पंप, गोरेपणाचं क्रीम, गुडघ्यातलं इंजेक्शन, यातलं काहीही घेतलं असेल तर लपवू नका, आणि मनानं बंदही करू नका. केसांसाठी बायोटिन खात असाल तर किमान दोन-तीन दिवस आधी थांबवा.

‘फुल हार्मोन प्रोफाइल’ नावाचं दोन-तीन हजारांचं पॅकेज टाळा. त्यात दहा नावं असतात आणि बहुधा एसएचबीजीच नसतं. चिठ्ठीत आहे तेवढंच करा.

कागदपत्रं म्हणाल तर डॉक्टरांची चिठ्ठी, आधार आणि चालू औषधांची यादी एवढीच. आयुष्मान कार्डावर बाहेरून केलेली अशी तपासणी भागत नाही. ते भरती झाल्यावर चालतं, भरतीच्या तीन दिवस आधीपासूनचा खर्च त्यात येतो, आणि मध्य प्रदेशचं कार्ड नागपुरातल्या यादीतल्या रुग्णालयातही चालतं. एकूण टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉलचा रिपोर्ट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतो, एसएचबीजीला थोडं जास्त लागू शकतं.

तज्ज्ञाला दाखवायला नागपूरला जावंच लागेल. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘मेडिकल’च्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात अंतःस्राव विभाग आहे. ओपीडीचे वार आधी विचारून निघा. रिपोर्ट मोबाईलवर असला तरी छापून न्या, पद्धतीची ओळ दिसेल असा. नाहीतर तीच तपासणी तिथे पुन्हा लिहून मिळेल, आणि पैसे पुन्हा तुमचेच जातील.